खोकल्याचे औषध आणि कायद्यातील दंड



ऑक्टोबर २०२५ मध्ये, दिवाळीची सुटी लागण्यापूर्वी, विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्यामुळे मी सातवीच्या वर्गावर तास घ्यायला गेलो होतो. धडा उत्सर्जन संस्थेचा होता. फळ्यावर मूत्रपिंडाची आकृती काढली आणि समजावून सांगू लागलो, तेवढ्यात एका मुलीने हात वर केला. "सर, परासियाच्या लेकरांच्या किडन्या औषधाने खराब झाल्या न? मग त्या औषधवाल्यांना फाशी होईल का?" मी उत्तर देण्याआधीच मागच्या बाकावरून एक मुलगा बोलला, "काही नाही होत. सुटून जातात सगळे."

त्या दिवशी मी दोघांनाही नीट उत्तर देऊ शकलो नाही, हे येथे मान्य करतो. "कायदा आपले काम करील," असे काहीतरी बोललो आणि पुन्हा आकृतीकडे वळलो. पण घरी गेल्यावर मनाला ते लागून राहिले. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण 'कायद्यापुढे सर्व समान' हे पाठ करून घेतो आणि मुलाने सरळ विचारले की कोणता कायदा, कोणती शिक्षा, तर मुख्याध्यापकाजवळ उत्तर नाही. म्हणून थोडा अभ्यास केला. तोच आज तुमच्यापुढे ठेवत आहे. एक खुलासा आधीच करतो. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आमच्या राज्यात कायद्याच्या 'धारा' असतात, मराठीत त्यांना 'कलम' म्हणतात. मी येथे कलम लिहीन, पण ठाण्यात किंवा तहसील कचेरीत गेलात तर धारा हाच शब्द ऐकाल. दोन्ही एकच.

प्रथम घटना काय घडली ते थोडक्यात पाहू. परासिया आपल्याला परके नाही. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, त्याआधी पांढुर्णा, सौंसर आणि परासिया एकाच छिंदवाडा जिल्ह्यात होते. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस आणि सप्टेंबरात त्या कोळसा खाणींच्या भागातील लहान मुलांना सर्दी, ताप, खोकला झाला. पावसाळ्याच्या शेवटी आपल्या घरोघरी होतो तसाच. औषध दिले गेले. काही मुले बरी होण्याऐवजी त्यांची लघवी बंद झाली. आईवडिलांनी त्यांना घेऊन नागपूर गाठले, जसे आपण सगळेच गंभीर आजारात नागपूर गाठतो. बहुतेक मुले पाच वर्षांच्या आतील होती. सुरुवातीला संशय पाण्यावर गेला, उंदरांवर गेला, डासांवर गेला. पाण्याचे नमुने तपासले गेले. मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा काढून तपासल्यावर डॉक्टरांचे लक्ष औषधाकडे वळले, आणि सप्टेंबरच्या अखेरीस जिल्हा प्रशासनाने 'कोल्ड्रिफ' या सिरपची विक्री थांबवली. ते तामिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यातील श्रीसन फार्मास्युटिकल्स या कारखान्यात बनलेले होते. तामिळनाडूच्या औषध नियंत्रण खात्याने तेथे जाऊन नमुना घेतला. ऑक्टोबरच्या पहिल्याच दोन-तीन दिवसांत अहवाल आला की एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के आहे.

राज्य सरकारने ऑक्टोबरच्या सुरुवातीला मृत्यूंचे जे आकडे दिले, त्यात २० मुले होती. छिंदवाडा १७, बैतूल २ आणि पांढुर्णा १. तो एक आकडा वाचताना मी थांबलो होतो. त्यानंतर हा आकडा आणखी वाढला.

आता विद्यार्थ्यांनी वही काढावी, कारण येथे थोडे गणित आहे. औषधात या द्रव्याची जास्तीत जास्त मर्यादा ०.१ टक्का धरतात. ४८.६ टक्के म्हणजे १०० मिलिलिटर औषधात ४८.६ ग्रॅम. लहान मुलाला आपण साधारण एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर देतो. त्यात सुमारे २.४३ ग्रॅम विष गेले. मर्यादेप्रमाणे पाहिले तर त्या चमच्यात ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. म्हणजे मर्यादेच्या ४८६ पट. आणि औषध दिवसातून तीन-चार वेळा, सलग तीन-चार दिवस.

हे द्रव्य औषधात येते कसे? पॅरासिटामॉल पाण्यात नीट विरघळत नाही. त्यासाठी प्रॉपिलीन ग्लायकॉल नावाचा घट्टसर, रंगहीन द्रव वापरतात. औषधासाठी शुद्ध केलेला हा द्रव महाग असतो. डायएथिलीन ग्लायकॉल दिसायला तसेच, चवीला गोडसर आणि स्वस्त. ते ब्रेक ऑइल, शाई, रंग यांच्या कारखान्यांत वापरले जाते. ड्रमवर लेबल एक आणि आत माल दुसरा, किंवा कारखान्यासाठीचाच माल औषधात वापरला, तर डोळ्यांना किंवा जिभेला फरक कळत नाही. फरक कळतो तो प्रयोगशाळेत. म्हणूनच औषध नियमावलीत कच्च्या मालाची प्रत्येक बॅच आणि तयार औषधाची प्रत्येक बॅच तपासणे कारखानदाराला बंधनकारक आहे. शरीरात गेल्यावर या द्रव्यापासून आम्ल तयार होते आणि ते मूत्रपिंडाच्या नलिकांचा नाश करते. आम्ही त्या दिवशी फळ्यावर काढलेल्या त्याच नलिका.

सांगण्याचे तात्पर्य असे की येथे गुन्हा कोणी सुरा घेऊन केलेला नाही. करायची तपासणी न करणे, हाच आरोपाचा गाभा आहे. हे समजले की पुढचे कायदे समजणे सोपे जाते.

परासिया ठाण्यात जो गुन्हा दाखल झाला, त्यात भारतीय न्याय संहितेची कलमे १०५ व २७६ आणि औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम १९४० चे कलम २७ लावले गेले. औषध लिहून देणाऱ्या एका डॉक्टरांना ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अटक झाली. डॉक्टरांच्या संघटनेने त्यावर आक्षेप घेतला की बाटलीत विष आहे हे लिहून देणाऱ्याला कसे कळणार. कारखान्याच्या मालकाला ९ ऑक्टोबरला चेन्नईतून ताब्यात घेतले गेले आणि पुढे तामिळनाडू सरकारने कारखान्याचा परवाना रद्द केला. तेथील तपासणीत ३५० हून अधिक त्रुटी नोंदल्या गेल्या होत्या. कोणाचा दोष किती, हे न्यायालय ठरवील. तोपर्यंत आरोपी हा आरोपीच असतो, गुन्हेगार नसतो. हा सुद्धा कायद्याच्याच धड्याचा भाग आहे आणि रागाच्या भरात तो विसरू नये.

या तीन कलमांत शिक्षा किती ते पाहा. कलम २७६ औषधात भेसळ करण्याबद्दल आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद आणि पाच हजार रुपयांपर्यंत दंड. बस. मी दोनदा वाचले. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत, जी इंग्रजांनी १८६० मध्ये केली होती, हेच कलम २७४ होते. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली तेव्हा कैदेची मुदत सहा महिन्यांवरून एक वर्ष झाली. पांढुर्ण्याच्या बाजारात संत्र्याच्या एका गाडीचे जेवढे पैसे येतात, त्याच्यासमोर पाच हजार म्हणजे काय हे पालकांना सांगायला नको.

कलम १०५ सदोष मनुष्यवधाचे आहे. आपल्या कृत्याने मृत्यू होऊ शकतो याची जाणीव असूनही ते कृत्य केले, पण मारण्याचा हेतू नव्हता, तर दहा वर्षांपर्यंत कैद. तसा हेतू सिद्ध झाला तर जन्मठेपेपर्यंत. सरकारी वकिलाला येथे 'जाणीव' सिद्ध करावी लागते आणि ते सोपे नसते. "मला माहीत नव्हते" हे जगातले सर्वात स्वस्त उत्तर आहे.

खरा कडक कायदा तिसरा आहे. औषध अधिनियमाच्या कलम २७ च्या पहिल्या भागाप्रमाणे, ज्या भेसळयुक्त किंवा बनावट औषधाने मृत्यू किंवा गंभीर इजा होण्याचा संभव आहे, असे औषध बनवणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला किमान दहा वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप. दंड किमान दहा लाख रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांपैकी जो जास्त असेल तो. आणि एक गोष्ट जी बहुतेकांना ठाऊक नसते, ती ही की हा दंड सरकारी तिजोरीत ठेवायचा नसून औषधाने ज्याचे नुकसान झाले त्याला, किंवा तो मरण पावला असेल तर त्याच्या नातेवाइकांना द्यायचा आहे. कायद्याने हे स्पष्ट लिहून ठेवले आहे.

आता त्या मुलीचा प्रश्न. फाशी होईल का? या कायद्यात फाशी नाही. पण तिची चर्चा झाली होती. बनावट औषधांचा प्रश्न अभ्यासण्यासाठी डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. गोव्याच्या माशेल गावचे हे आपले मराठी शास्त्रज्ञ. २००३ मध्ये त्यांच्या समितीने अहवाल दिला आणि बनावट औषधाने मृत्यू झाल्यास मृत्युदंडापर्यंत शिक्षा असावी असे सुचवले. पुढे २००८ मध्ये संसदेने कायदा बदलला. किमान शिक्षा पाच वर्षांची होती ती दहा झाली, दहा हजारांचा किमान दंड दहा लाख झाला, पण कमाल शिक्षा जन्मठेपच ठेवली. त्याच समितीने दुसरीही गोष्ट नोंदवली होती की राज्यांमधील औषध नियंत्रण यंत्रणा अपुरी आहे. फाशीच्या सूचनेवर वर्तमानपत्रांत भरपूर लिहिले गेले. यंत्रणेबद्दलचे वाक्य मात्र कोणाच्या फारसे लक्षात राहिले नाही, असे मला वाटते.

मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण तो कायद्याबद्दल नाही, अनुभवाबद्दल आहे. त्यासाठी थोडे मागे जाऊ.

हे विष पहिल्यांदा औषधात सापडले ते भारतात नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध पातळ स्वरूपात द्यायचे म्हणून एका कंपनीने ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवले, रासबेरीचा स्वाद घातला आणि विकायला पाठवले. विषारी आहे की नाही, ही चाचणीच केली नाही, कारण तेव्हाच्या कायद्यात तशी सक्तीच नव्हती. शंभराहून अधिक माणसे मेली, त्यात मुले पुष्कळ होती. खटला कोणत्या मुद्द्यावर झाला असेल? बाटलीवर 'एलिक्सिर' असे लिहिले होते, आणि एलिक्सिर म्हणजे ज्यात अल्कोहोल असते असे औषध. यात अल्कोहोल नव्हते. म्हणून चुकीच्या नावाबद्दल दंड! त्याला 'द्रावण' असे नाव दिले असते तर सरकारला त्या बाटल्या जप्त करण्याचाही अधिकार नव्हता. दुसऱ्याच वर्षी, १९३८ मध्ये, तेथे नवा कायदा आला. आपला औषध अधिनियम १९४० चा आहे. असे हे कायदे कोणाच्या तरी मुलांच्या मरणानंतर लिहिले गेले आहेत.

महाराष्ट्राने हे १९८६ मध्ये पाहिले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच द्रव्य निघाले आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. त्यांच्या अहवालाने रुग्णालयाच्या खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतचा भ्रष्ट कारभार उघडा केला आणि आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. माझ्या पिढीतील पालकांना 'लेंटिन आयोग' हे शब्द आठवत असतील. त्यानंतरही १९९८ मध्ये दिल्ली परिसरात, २०१९-२० मध्ये जम्मूच्या रामनगर भागात, मुले याच विषाने गेली. नाव दरवेळी वेगळे, द्रव्य तेच.

शिक्षा किती वेळात होते, याची दोन उदाहरणे देतो. हरियाणातील सोनीपतच्या एका औषध कंपनीने व्हिएतनामला पाठवलेल्या गोळ्या निकृष्ट निघाल्याचे प्रकरण २०१३ चे. तेथील न्यायालयाने कंपनीच्या दोघांना अडीच वर्षांची शिक्षा सुनावली ती फेब्रुवारी २०२३ मध्ये. दहा वर्षे लागली. उलट उझबेकिस्तानात भारतात बनलेल्या सिरपमुळे मुलांचे मृत्यू झाल्याचे डिसेंबर २०२२ मध्ये उघडकीस आले आणि ताश्कंदच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये २३ जणांना शिक्षा केली. सर्वात मोठी शिक्षा वीस वर्षांची होती. ६८ मुले गेली होती. शिक्षा झालेल्यांत औषधाला परवानगी देणारे तेथील सरकारी अधिकारीही होते. आमच्याकडे परासियाच्या प्रकरणात औषध निरीक्षक व अधिकारी निलंबित झाले, औषध नियंत्रकांची बदली झाली. निलंबन आणि बदली म्हणजे शिक्षा नव्हे, हे सरकारी नोकरीत असलेल्या पालकांना चांगले माहीत आहे.

तेव्हा मागच्या बाकावरील माझ्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे. "सगळे सुटून जातात" हे खरे नाही, पण तुला तसे का वाटते ते मला समजते. ज्याची शिक्षा तू प्रत्यक्ष पाहिली आहेस ती दुसऱ्या प्रकारची आहे.

हा दुसरा प्रकार असा. सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यांत एक बाजू कारखानदार-दुकानदारांसाठी आहे, तर दुसरी तुम्हा-आम्हा सामान्य माणसांसाठी. या दुसऱ्या बाजूचा सर्वात जुना कायदा म्हणजे साथरोग अधिनियम १८९७. मुंबईत प्लेग आला, पुण्यात पसरला, आणि इंग्रज सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी जेमतेम चार कलमांचा हा कायदा केला. सरकार साथीच्या काळात जो हुकूम काढील तो न मानणाऱ्याला शिक्षा, हे तिसरे कलम. हुकूम राबवणाऱ्या अधिकाऱ्यावर सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल दावा नाही, हे चौथे. पुण्यात घरोघरी शिरून झडती घेण्यात आली, सामान बाहेर फेकण्यात आले, त्यातून लोकांचा संताप किती वाढला आणि २२ जून १८९७ रोजी प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळी कशी झाडली, हे आठवीच्या इतिहासात येते. रोग थांबवायचा हेतू बरोबर असला तरी माणसांना गुरांसारखे वागवले की काय होते, याचे ते उदाहरण. असो.

तोच १८९७ चा कायदा २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी पुन्हा कपाटातून निघाला. तुमच्यापैकी मोठ्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. नागपूरकडच्या सीमेवरील नाके बंद झाले. लग्नाला, मयतीला, दवाखान्याला नागपूर हेच आपले गाव, आणि अचानक मध्ये बॅरिकेड. मास्क नाही म्हणून पावती फाटली, विनाकारण फिरला म्हणून उठाबशा काढाव्या लागल्या. कायद्याच्या पुस्तकात हुकूम मोडण्याची शिक्षा तेव्हाच्या कलम १८८ प्रमाणे एक महिना किंवा दोनशे रुपये, आणि जीवाला धोका होत असेल तर सहा महिने किंवा हजार रुपये अशी होती. उठाबशा कोणत्याही कलमात नव्हत्या. आता नव्या संहितेत त्या जागी कलम २२३ आहे, आणि शिक्षा एक वर्षापर्यंत व पाच हजार रुपयांपर्यंत गेली आहे. संसर्ग पसरेल असे निष्काळजी वागण्याबद्दल कलम २७१ मध्ये सहा महिने. सार्वजनिक विहीर किंवा तलावाचे पाणी घाण करण्याबद्दल कलम २७९ मध्ये सहा महिने, पाच हजार. जाम नदीच्या काठावर राहणाऱ्यांनी हे शेवटचे लक्षात ठेवावे.

कोरोनाच्या काळातच त्या जुन्या कायद्यात एक चांगली भर पडली. डॉक्टर, नर्स, आशा कार्यकर्ती यांच्यावर हल्ला करणाऱ्याला तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद, आणि गंभीर दुखापत केल्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. सर्वेक्षणाला घरी येणारी आशाताई ही आपल्याच गल्लीतील कोणाची तरी सून असते.

तर पाहा, सामान्य माणसाची शिक्षा लहान, पण ती जागच्या जागी, डोळ्यांसमोर होते. औषधात विष घालण्याची शिक्षा मोठी, पण ती दूर, उशिरा, पुष्कळ पुराव्यानंतर होते. सातवीच्या मुलाने पहिली पाहिली आहे आणि दुसरी पाहिलेली नाही. त्याला दोष कसा द्यावा? जन्मठेपेची फाशी केली म्हणून हा फरक भरून निघणार नाही. निरीक्षक वेळेवर कारखान्यात गेला, नमुना वेळेवर तपासला गेला आणि खटला मुले मोठी होण्याआधी संपला, तर दहा वर्षांची कैदही पुरेशी भीती घालील. हे माझे मत आहे, कायद्याचे नाही.

विश्वस्त मंडळींसाठी एक वेगळी गोष्ट येथेच सांगतो, कारण ती आपल्या हातातील आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याप्रमाणे शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकण्यास मनाई आहे. दंड दोनशे रुपयांपर्यंत. पानठेल्यावाला तो एका दिवसात कमावतो. पण बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे मुलाला तंबाखूजन्य पदार्थ दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पुडी तीच, पण कायदे दोन. पहिल्याची पाटी आपण फाटकावर लावली आहे. दुसऱ्याची लावावी अशी माझी विनंती आहे. ठेलेवाल्याशी मी आधी स्वतः बोलतो. तोही आपलाच पालक आहे आणि बहुधा त्यालाही हे माहीत नसेल.

आता पालकांशी थोडे. माझ्या स्वतःच्या घरची गोष्ट सांगतो. नातीला खोकला झाला की मी ओळखीच्या मेडिकलवर जायचो, "ते मागच्या वेळचं गोड औषध दे" म्हणायचो, पैसे द्यायचो आणि बाटली खिशात घालून यायचो. चिठ्ठी नाही, बिल नाही. दुकानदार चांगला माणूस आहे. बिल मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे मला वाटायचे. परासियानंतर कळले की बिल हे अविश्वासाचे नाही, पुराव्याचे कागद आहे. त्यावर बॅच नंबर असतो. विषारी बॅच कोणकोणत्या घरात गेली हे शोधायचे असेल तर त्या एका नंबरावरून शोधता येते, आणि बिल नसेल तर घरोघरी हिंडावे लागते. न्यायालयातही "हे औषध याच दुकानातून घेतले" हे सिद्ध करायला तोच कागद लागतो.

लहान मुलांच्या खोकल्याबद्दल सरकारी सूचनाही माहीत असाव्यात. कोल्ड्रिफमध्ये क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन ही औषधे होती. ही जोडी चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिली होती आणि तसा इशारा लेबलवर छापायला सांगितले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा कळवले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती साधारणपणे देण्यासारखी नाहीत. लहान मुलांचा साधा खोकला बहुधा आपोआप बरा होतो. औषध देताना मुलाची लघवी कमी झाली, मूल सुस्त पडले किंवा उलट्या थांबत नाहीत असे दिसले, तर औषध थांबवून बाटलीसह दवाखान्यात जावे. बाटली फेकू नये.

आणि एक अधिकार, जो मला पन्नाशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हता. औषध अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे कोणताही नागरिक किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना स्वतः विकत घेतलेले औषध ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते, आणि त्याचा सही केलेला अहवाल मिळण्याचा त्यांना हक्क आहे. कलम ३२ प्रमाणे या कायद्याखालील खटला औषध निरीक्षकाप्रमाणेच ज्याचे नुकसान झाले ती व्यक्ती किंवा ग्राहक संघटनाही दाखल करू शकते. म्हणजे निरीक्षक आलाच नाही तरी दार पूर्ण बंद नाही.

विद्यार्थ्यांसाठी गृहपाठ. घरातील कोणत्याही एका औषधाची बाटली किंवा पाकीट घ्या, मोठ्यांना विचारून. वहीत पाच गोष्टी उतरवा: औषधाचे नाव, त्यातील घटक, बनवणाऱ्या कारखान्याचे नाव व गाव, बॅच नंबर, आणि बनवल्याची व मुदत संपण्याची तारीख. त्याचे बिल घरात सापडते का ते शोधा आणि सापडले तर बिलावरचा बॅच नंबर बाटलीवरच्या नंबराशी जुळतो का ते पाहा. आठवी व त्यापुढील विद्यार्थ्यांनी आणखी एक करावे. कलम २७६ आणि कलम २७ यांतील शिक्षांचा तक्ता करून, एकाच कृत्यासाठी दोन कायद्यांत एवढा फरक का असावा, यावर दहा ओळी लिहाव्यात. वह्या येत्या सोमवारी वर्गशिक्षकांकडे द्या. सातवीच्या वह्या मी स्वतः पाहणार आहे, मागच्या बाकापासून सुरुवात करून.